दिवस नेमका सुरू कधी होतो? – हिब्रू धर्मग्रंथ काय सांगतात आणि आकाश काय सांगतं



पाचवी-सहावीच्या मुलांना एक प्रश्न विचारून बघा. शनिवारची रात्र आहे, घड्याळात दीड वाजलाय आणि एक बाळ जन्माला आलं. बाळाचा जन्मवार कोणता? अर्धा वर्ग ‘रविवार’ म्हणेल, कारण बारा वाजून गेले. घरी पंचांग बघणारी एकदोन मुलं ‘शनिवार’ म्हणतील, कारण सूर्य अजून उगवलेला नाही. दोघंही बरोबर. जन्मदाखल्यावर रविवारची तारीख पडते आणि पत्रिकेत वार शनिवारच धरला जातो.

आता प्रश्न थोडा बदला. बाळ शनिवारी रात्री आठलाच जन्मलं. आता मात्र दाखला आणि पत्रिका दोन्हीकडे शनिवार. पण हेच बाळ ज्यू कुटुंबातलं असेल, तर त्यांच्या मोजणीत ते रविवारचं! त्यांचा शनिवार मावळतीनंतर तारे दिसले तेव्हाच संपला. वर्गात इथे हमखास गोंगाट होतो आणि तो होऊ द्यावा. कारण ‘दिवस कधी सुरू होतो’ याचं उत्तर आपण मुलांना न विचारताच देऊन टाकलेलं असतं : रात्री बारा वाजता. का बारा, हे कुणी विचारत नाही.

या लेखात हिब्रू परंपरेचं उत्तर जरा खोलात जाऊन बघू. ‘ज्यू लोकांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो’ हे एक वाक्य बऱ्याच पुस्तकांत सापडतं. ते खरंच आहे. पण त्यांच्या धर्मग्रंथात नुसतं तेवढंच नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत आपण ‘दिवस’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. ‘दिवस-रात्र अभ्यास केला’ म्हणतो तेव्हा दिवस म्हणजे उजेडाचा भाग. ‘आठवड्याचे सात दिवस’ म्हणतो तेव्हा रात्र त्यातच धरलेली असते. दुसऱ्या अर्थासाठी आपल्याकडे ‘अहोरात्र’ हा स्वतंत्र शब्द आहे, पण बोलताना तो आपण वेगळ्याच कामाला लावतो.

हिब्रूतला ‘योम’ हा शब्द अगदी असाच आहे. हिब्रू बायबलचं (ख्रिस्ती परंपरेत ज्याला जुना करार म्हणतात त्याचं) पहिलं पुस्तक म्हणजे उत्पत्ती. त्याच्या पहिल्या अध्यायातल्या पाचव्या ओवीत हे दोन्ही अर्थ लागोपाठ येतात. आधी देव उजेडाला ‘योम’ हे नाव देतो आणि अंधाराला रात्र म्हणतो. लगेच पुढे संध्याकाळ आणि सकाळ यांचा उल्लेख होतो आणि त्या दोन्हींचा मिळून एक ‘योम’ मोजला जातो. एकाच ओवीत दिवस बारा तासांचा आणि चोवीस तासांचाही! भाषेच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

आता त्या ओवीतला क्रम बघा. संध्याकाळ आधी, सकाळ नंतर. पुढच्या पाच दिवसांच्या शेवटीही हाच क्रम येतो. यावरून ज्यू परंपरेने अर्थ काढला, की दिवसाची सुरुवात संध्याकाळी. सृष्टीच्या सुरुवातीला अंधार होता आणि उजेड नंतर आला, मग दिवसातही रात्र आधी यायला हवी. युक्तिवाद सरळ आहे.

पण तेवढाच सरळ दुसरा अर्थही निघतो. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये शमुवेल बेन मेईर नावाचे मोठे भाष्यकार होऊन गेले. त्यांना ‘रश्बाम’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. राशी या विख्यात भाष्यकाराचे ते नातू. त्यांचं म्हणणं असं : ओवीत ‘रात्र आणि दिवस’ असं म्हटलेलं नाही. आधी देवाने उजेड केला, म्हणजे दिवस सुरू झाला. मग संध्याकाळ झाली, म्हणजे उजेड ओसरला. मग सकाळ झाली, म्हणजे रात्र संपली. तिथे एक दिवस पुरा झाला. या वाचनाप्रमाणे दिवस पहाटेपासून पहाटेपर्यंतचा होतो.

हे म्हणणाऱ्या माणसाचं धाडस लक्षात घ्या. ते स्वतः शुक्रवारच्या मावळतीलाच शब्बाथ पाळत होते, त्यात त्यांना बदल करायचाच नव्हता. फक्त ‘या ओवीच्या शब्दांचा सरळ अर्थ हा होतो’ एवढं ते सांगत होते. पण त्याच काळातले दुसरे पंडित, अब्राहम इब्न एझ्रा, यांना असा अर्थ लावणं फार धोक्याचं वाटलं. कुणी त्या अर्थाप्रमाणे वागू लागला तर शुक्रवारची रात्र कामाची आणि शनिवारची रात्र विश्रांतीची, असा सगळाच उलटापालट व्हायचा. इब्न एझ्रा तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ११५८ साली त्यांनी या मताविरुद्ध एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात त्यांनी स्वप्नाने केली आहे आणि त्या स्वप्नात त्यांना चक्क शब्बाथनेच पाठवलेलं पत्र मिळतं.

याच इब्न एझ्रांनी शब्दांची एक फार सुंदर उकल केली आहे. संध्याकाळसाठीचा हिब्रू शब्द ‘एरेव’. त्यांच्या मते तो मिसळण्याच्या धातूवरून आला : संध्याकाळी वस्तूंच्या आकृत्या एकमेकींत मिसळतात. सकाळचा शब्द ‘बोकेर’. तो निरखण्याच्या, पारखण्याच्या धातूवरून : सकाळी वस्तू वेगवेगळ्या ओळखू येतात. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करोत न करोत, निरीक्षण म्हणून ती पक्की आहे. मुलांना कातरवेळी अंगणात उभं करून कोणत्या झाडाचं पान कोणतं हे विचारा, लगेच पटेल.

‘नवमीच्या संध्याकाळी’ असं का लिहिलं?

धर्मग्रंथात पुढे शोधत गेलं की दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. त्यातला सगळ्यात बोलका पुरावा लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. ज्यूंचा सर्वांत गंभीर उपवास म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, ‘योम किप्पुर’. तो सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी असतो, असं आधी सांगितलं आहे. थोडं पुढे त्याची वेळ दिली आहे : नवव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढच्या संध्याकाळपर्यंत.

परंपरा म्हणते, बघा, संध्याकाळ ते संध्याकाळ अशी स्पष्ट आज्ञाच आहे. बरोबर आहे. पण जरा थांबून विचार करा. सगळ्यांचाच दिवस संध्याकाळी सुरू होत असता, तर ती संध्याकाळ आपोआप दहाव्या दिवसाची झाली असती. मग तिला ‘नवव्याची संध्याकाळ’ का म्हटलं? आणि वेळ मुद्दाम सांगायची गरज का पडली? म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की रोजच्या व्यवहारात लोक दिवस सकाळपासूनच मोजत होते आणि उपवास नि सणांसाठी आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करायची पद्धत होती. मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. तो सगळ्यांना मान्य आहे असं मात्र नाही.

रोजच्या बोलण्याचा पुरावा गोष्टींत सापडतो. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात राजा शौल दावीदला मारायला माणसं पाठवतो. ती घराबाहेर सकाळची वाट बघत बसतात. दावीदची बायको मीखल त्याला बजावते, की आज रात्री पळ, नाहीतर उद्या तुझा जीव जाईल. इथे चालू रात्र ‘आज’ची आहे आणि येणारी सकाळ ‘उद्या’ची. आपणही असंच बोलतो. रात्री दहा वाजता आई म्हणते, ‘उद्या लवकर उठायचंय’. दिवस मावळतीलाच बदलला असता, तर ती सकाळ ‘आज’चीच झाली असती.

मंदिरातला नियमही याच बाजूचा. आभाराच्या बळीचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत उरवायचं नाही, अशी आज्ञा आहे. म्हणजे तिथे रात्र आदल्या दिवसाला जोडलेली. नंतरच्या काळात तालमूद या ग्रंथात चर्चा करणाऱ्या गुरूंनाही हा फरक दिसला होता. त्यांनी तो लपवला नाही. बळीच्या बाबतीत रात्र दिवसाच्या मागून येते आणि बाकी ठिकाणी दिवसाच्या आधी, असं त्यांनी सरळ मांडून ठेवलं.

संध्याकाळच्या बाजूचा जिवंत प्रसंग नहेम्याच्या पुस्तकात आहे. काळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. यरुशलेममध्ये शब्बाथच्या दिवशीही बाजार भरत होता, सोर शहराचे व्यापारी मासळी आणून विकत होते. नहेम्या हा तिथला अधिकारी. त्याने हुकूम काढला, की शब्बाथच्या आधी वेशींवर सावल्या पडू लागल्या की दरवाजे बंद करायचे आणि शब्बाथ संपेपर्यंत उघडायचे नाहीत. पहाऱ्यावर स्वतःची माणसं ठेवली. व्यापारी एकदोनदा माल घेऊन तटाबाहेर रात्रभर मुक्काम करून बसले, तेव्हा त्याने त्यांनाही दम भरला. इथे दिवसाची सुरुवात कुठल्या व्याख्येत नाही, ती वेशीच्या दारात दिसते.

मावळल्यावर की तारे दिसल्यावर?

‘संध्याकाळ’ म्हणून भागत नाही. संध्याकाळ तर तासभर चालते! सूर्याची कड क्षितिजाखाली गेली की नवा दिवस, की पूर्ण अंधार झाल्यावर?

इथे गुरूंनी घड्याळ नसताना काय युक्ती काढली बघा. आकाशात एक तारा दिसतो तोवर दिवस, दोन दिसले की मधली वेळ, तीन दिसले की रात्र. त्यातही दिवसाउजेडी दिसू शकणारे मोठे तारे धरायचे नाहीत आणि भर रात्रीच दिसणारे बारीकही नाहीत, मध्यम आकाराचे धरायचे. किती काटेकोर निरीक्षण! संध्याकाळी सगळ्यांत आधी चमकते ती बहुतेक वेळा शुक्राची चांदणी किंवा गुरू, म्हणजे ग्रह. ‘मोठे धरू नका’ या नियमाने ते आपोआप वगळले जातात.

त्या मधल्या वेळेला हिब्रूत ‘बेन हश्माशोत’ म्हणतात. ती दिवसाची की रात्रीची हे ठरत नाही, म्हणून दोन्हीकडून सावध राहायचं. शब्बाथ सुरू करताना सूर्य मावळायच्या आधीच दिवे लावायचे, साधारण १८ मिनिटं आधी, यरुशलेममध्ये तर ४० मिनिटं. संपवताना मात्र तीन तारे दिसेपर्यंत थांबायचं. म्हणून शब्बाथ चोवीस नव्हे, जवळजवळ पंचवीस तासांचा होतो.

आणि या संदिग्ध वेळेत बाळ जन्मलं तर? ज्यू मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. मिश्ना हा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ सांगतो, की कातरवेळी जन्मलेल्या मुलाची सुंता नवव्या दिवशी करावी, म्हणजे आठच्या आत नक्कीच होणार नाही. मूल शुक्रवारच्या कातरवेळी जन्मलं असेल तर दहाव्या दिवशी, कारण मधला शब्बाथ संशयावर मोडता येत नाही. आपल्या सुरुवातीच्या कोड्यासारखंच आहे की नाही? फक्त इथे चूक झाली तर नुसता मार्क जात नाही.

आता निसर्गाकडे वळू

भूगोलाच्या तासाला आपण शिकवतो, की पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात. फिरणाऱ्या भोवऱ्याला ‘सुरुवात’ कुठे असते? निसर्ग आपल्याला फक्त चार खुणा देतो : उगवती, माथ्यावरचा सूर्य, मावळती आणि मध्यरात्र. यातल्या दोन कुणालाही डोळ्यांनी दिसतात. माध्यान्ह काठीच्या सर्वांत आखूड सावलीवरून कळते. मध्यरात्र मात्र दिसतच नाही, ती मोजूनच काढावी लागते. आणि आज सगळं जग नेमकी तीच धरून चालतं! हिशेबाला ती सोयीची आहे हे खरं, बहुतेक लोक झोपलेले असताना तारीख बदलली की व्यवहार मध्येच तुटत नाही.

खगोल अभ्यासकांची सोय उलटी. त्यांचं काम रात्रीचं. म्हणून टॉलेमीने दिवस दुपारपासून मोजला आणि ही रीत १९२४ सालच्या शेवटापर्यंत टिकली. १ जानेवारी १९२५ पासून त्यांनीही मध्यरात्र स्वीकारली. तरी ‘ज्युलियन दिनांक’ नावाची त्यांची सलग मोजणी आजही दुपारी बारालाच पुढच्या अंकावर जाते. आपल्याकडे आर्यभटाच्या नावावर दोन पद्धती आहेत, एकीत दिवस सूर्योदयापासून, दुसरीत मध्यरात्रीपासून. त्यांना औदयिक आणि आर्धरात्रिक म्हणतात. एकाच गणितज्ञाने दोन्ही वापरल्या, हे मुलांना जरूर सांगा.

मग हिब्रू परंपरेने मावळतीच का धरली? एक चांगलं कारण चंद्रात आहे. अमावस्येनंतरची पहिली कोर पहाटे दिसत नाही, मध्यरात्रीही नाही. ती दिसते सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, थोडाच वेळ. ज्या समाजाचा महिना ही कोर डोळ्यांनी बघून सुरू होतो, त्याच्या महिन्याची पहिली खूण संध्याकाळीच पडणार. ईदचा चंद्र संध्याकाळी बघतात हे मुलांना ठाऊक असतं, इस्लामी दिवसही मावळतीलाच बदलतो. प्राचीन यरुशलेममध्ये कोर पाहिलेले साक्षीदार न्यायसभेपुढे यायचे. रब्बान गमलिएल नावाच्या गुरूंनी भिंतीवर चंद्राच्या वेगवेगळ्या आकृत्या काढून ठेवल्या होत्या. ‘असा दिसला की असा?’ म्हणून ते साक्षीदारांना विचारत. शैक्षणिक साहित्य म्हणतो ते हेच की!

अर्थात चंद्राचा महिना असला की संध्याकाळ धरलीच पाहिजे असं नाही. आपलाही महिना चंद्राचाच, पण तिथी गणिताने काढतात आणि दिवसाची तिथी सूर्योदयाला जी असेल ती धरतात. कोर दिसायची वाट बघत नाही, म्हणून संध्याकाळीच अडून बसावं लागत नाही.

कोकणात राहणाऱ्या शिक्षकांसाठी या विषयाचा धागा अगदी घराजवळ आहे. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल समाजाचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. योम किप्पुरला त्यांच्या मराठीत ‘दारफाळणीचा सण’ असं नाव होतं, त्या दिवशी घराची दारं लावून उपवास करायचा. वसईकडच्या आणि गोव्यातल्या शिक्षकांना आणखी एक उदाहरण मिळेल. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, ती याच जुन्या मोजणीची खूण.

‘कधी’ इतकाच ‘कुठे’ हाही प्रश्न

एक प्रसंग मोठ्या मुलांना सांगण्यासारखा आहे. १९४१ साली युरोपातून जीव वाचवून निघालेले बरेच ज्यू निर्वासित जपानमधल्या कोबे शहरात होते. लिथुआनियातले जपानी अधिकारी चिऊने सुगिहारा यांनी दिलेल्या परवान्यांवर त्यातले कितीतरी तिथे पोचले होते. योम किप्पुर जवळ आला. उपवास स्थानिक बुधवारी करायचा की गुरुवारी? पृथ्वी गोल आहे, तेव्हा कुठेतरी एक रेघ मारून ‘इथून वार बदलतो’ असं म्हणावंच लागतं. नकाशावरची आंतरराष्ट्रीय वाररेषा प्रशांत महासागरात आहे, पण ती धर्मग्रंथाने आखलेली नाही. यरुशलेमहून मुख्य रब्बींच्या सभेचं उत्तर आलं : तिथल्या लोकांचा जो बुधवार तोच पाळा. ‘हझोन ईश’ म्हणून ओळखले जाणारे थोर पंडित अब्राहम येशाया करेलित्झ यांनी उलट कळवलं : बुधवारी जेवा, गुरुवारी उपवास करा. त्यांच्या हिशेबात वार बदलण्याची जागा यरुशलेमच्या पूर्वेला ९० अंशांवर होती, म्हणून जपान पलीकडे पडत होता. काहींनी दोन्ही दिवस उपवास केला. पाणीसुद्धा न घेता करायचा उपवास आहे हा.

वर्गासाठी एक उपक्रम

पावसाळा सोडून कोणत्याही महिन्यात हे करता येईल. मुलांनी घरच्यांसोबत गच्चीवर किंवा अंगणात बसायचं. सूर्य मावळला ती वेळ लिहायची. मग पहिला, दुसरा, तिसरा तारा कधी दिसला ते लिहायचं. शुक्र आणि गुरू त्या वेळी आकाशात असतील तर ते आधीच दाखवून द्या, नाहीतर सगळी वही ग्रहांनीच भरेल. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे मध्यम तेजाचे तीन तारे स्वच्छ आकाशात साधारण अर्ध्या तासाच्या आसपास दिसावेत. शहरातल्या मुलांना जास्त वेळ लागेल, दिव्यांमुळे. गावाकडचा एखादा मावसभाऊ त्याच संध्याकाळी मोजत असेल तर दोघांच्या वेळा शेजारी शेजारी लिहा.

शेवटी मुलांना विचारा : तुझा दिवस कोणत्या मिनिटाला बदलला, मावळला तेव्हा की तिसरा तारा दिसला तेव्हा? आणि मधल्या वेळेला काय नाव द्यायचं? कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण, सांजवेळ... घरातल्या आजीला विचारून आणखी नावं आणायला सांगा.